घरटी एक शिपाई

अर्जदार : मी. वय बावन्न, शिक्षण दहावी नापास, धंदा अर्ज लिहिण्याचा. बैठक सांगलीत, सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, पर्जन्यवृक्षाच्या सावलीत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात.

सामनेवाला क्रमांक एक : आमच्या गावची ग्रामसभा.

सामनेवाला क्रमांक दोन : अर्जदार स्वतः. एकच इसम दोन्ही बाजूंना दाखवता येत नाही हे मला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षे मी लोकांना हेच सांगत आलो. या प्रकरणात दुसरी सोय सापडली नाही.

जिचे नुकसान झाले ती : माझी एकुलती मुलगी. सैन्यात जाण्यासाठी पळत होती. माझ्या एका ओळीमुळे गेली नाही.

साक्षीदार : माझी धाकटी बहीण, हल्ली राहणार कवठे महांकाळ तालुका. गावचे निवृत्त सुभेदार. माझी पत्नी, मात्र ती साक्ष देण्यास राजी नाही.

दिनांक : पहिली घटना दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीची, शेवटची यंदाच्या सव्वीस जानेवारीची. मधल्या तारखा मला पाठ आहेत, पण त्या लिहिण्याचा धीर नाही.

नावे कोणाचीच घातलेली नाहीत. गावाने ज्यांची नावे घालण्यायोग्य मानली ती चावडीतल्या फळ्यावर आहेत, आणि सुभेदार सोडले तर वरील यादीतील एकही इसम त्या फळ्यावर नाही.

येथून पुढे हकिकत.

आपल्या देशात सैन्यात जाण्याची सक्ती नाही, असे शाळेच्या पुस्तकात होते. आमच्या गावात ती आहे. कायद्याने नव्हे, रिवाजाने. घरटी एक शिपाई, असा आमचा रिवाज आहे. चावडीत काळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या रंगात घराण्यांची नावे आणि प्रत्येकापुढे त्या घरातून पलटणीत गेलेल्यांची. ज्या घरातून एका पिढीत कोणीच गेले नाही, त्याला मोकळे घर म्हणतात. मोकळ्या घराला शिक्षा नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले की देवळाच्या पटांगणात आजी-माजी सैनिकांची पंगत बसते, हुद्द्याच्या क्रमाने. त्या पंगतीला मोकळ्या घरातल्या त्या पिढीच्या पुरुषाने घागर घेऊन पाणी वाढायचे. याला आमच्याकडे पाण्याचा मान म्हणतात. अपमानाला मान म्हणण्याची कला आमच्या गावाने जशी साधली आहे, तशी मी कोणत्याही कचेरीत पाहिली नाही.

माझे आजोबा फळ्यावर आहेत. वडील फळ्यावर आहेत. त्यांच्या पुढची जागा माझी होती.

वडील निवृत्त होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दहावीत गणित आणि इंग्रजी राहिले होते. त्याचे त्यांना दुःख नव्हते. पलटणीला गणित लागत नाही, दम लागतो, असे ते म्हणत. तांबडे फुटायच्या आत ते मला ओढ्याच्या रस्त्यावर उभे करीत आणि स्वतः हातात घड्याळ घेऊन बांधावर बसत. पण मला एकट्याला पळवत नसे. अर्ध्या वाटेवर पाय जड होत. मग वडिलांनी एक तोड काढली. माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या बहिणीला त्यांनी माझ्यापुढे सोडली. पुढे कोणी असले की मागचा पळतो, हे त्यांचे पलटणीतले शिक्षण होते.

ती अनवाणी पळे. परकराचा काचा मारून, वेणी तोंडात धरून. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मी मोरीला पोचेपर्यंत ती तेथे उभी असे आणि मला पाहून पुन्हा पळू लागे. जरा सावकाश, म्हणजे मला ती गाठता येईल असे वाटावे. एक वर्ष हे चालले. वडील रोज माझी वेळ वहीत लिहीत. तिची वेळ कोणी लावली नाही. तिने कधी मागितलीही नाही. आज मला वाटते, ती विचारील म्हणून वडील तिच्याकडे पाहतच नसत.

भरतीत मी पळण्यात उत्तीर्ण झालो. छातीला राहिलो. फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढावी लागते. माझी साडेतीन वाढली. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, पुन्हा साडेतीन. वडिलांनी वही बंद केली आणि त्याच उन्हाळ्यात बहिणीचे लग्न लावून टाकले. ज्या कामासाठी तिला ठेवली होती ते काम संपले होते. ती पूर्वेकडच्या कोरडवाहू मुलखात गेली, जिथे त्या काळी पाण्याची घागर आणायलाही आमच्या मोरीच्या दुप्पट चालावे लागे.

मी काही वर्षे उसाच्या शेतात काढली आणि मग सांगलीला आलो. वडिलांच्या पेन्शनचे एक प्रकरण अडकले होते. त्याचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. कारकुनाने तो दोनदा वाचला आणि कोणी लिहिला ते विचारले. तेव्हापासून हा धंदा. माझे शिक्षण लोकांना माहीत नाही आणि माझे मराठी वाचल्यावर कोणी विचारीत नाही. एका तहसीलदारांनी माझा अर्ज आपल्या हाताखालच्या लोकांना नमुना म्हणून दाखवला होता. हे मी बढाईसाठी लिहीत नाही. माझ्या शब्दाला वजन आहे, हे पुढच्या हकिकतीसाठी माहीत असणे आवश्यक आहे. सांगलीत माझ्या शब्दाला वजन, आणि दरसाल सव्वीस जानेवारीला गावात माझ्या खांद्यावर घागर. ज्यांचे पेन्शनचे अर्ज मी लिहिले, त्यांच्याच पेल्यात पाणी.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. सव्वा दोन एकर ऊस. रिवाज असा की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावाने तिला साडी नेसवायची. हे पत्र मी आजवर किती जणींसाठी लिहिले असेल याची मोजदाद नाही. आपल्या बहिणीचे मी विशेष मन लावून लिहिले. ‘भावावरील नैसर्गिक प्रेमापोटी, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ असा मजकूर होता. तिने मला तो दोनदा वाचायला लावला.

“दादा, लय ग्वाड लिवलंयस,” ती म्हणाली. “माझं एवढं प्रेम हाय तुझ्यावर, हे मलाच ठावं नव्हतं. सही मातुर न्हाई करत.”

साडी तशीच पिशवीत राहिली. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

माझ्या रागाचे स्वरूप मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मला जमिनीपेक्षा अन्यायाचा राग आला होता. वाटा समान पाहिजे, मग भारही समान नको काय? आजोबा, वडील, मी, या घराच्या पुरुषांनी गावाचा रिवाज अंगावर घेतला. मी तो पेलू शकलो नाही म्हणून पंचवीस वर्षे पाणी वाढतो आहे. ती मात्र नुसती जन्माला आली आणि अर्ध्याची मालकीण झाली. पंधरा दिवस मी या विचाराने जेवलो नाही नीट. मग माझ्याजवळ जे हत्यार आहे ते उचलले आणि ग्रामसभेला अर्ज लिहिला.

त्यातील मुख्य भाग असा होता : ‘ज्याअर्थी कायद्याने मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे, त्याअर्थी कर्तव्यही तेवढेच असणे न्यायाचे आहे. सबब घरटी एक शिपाई हा गावचा रिवाज यापुढे मुलींनाही लागू करावा, आणि सैन्याने मुलींसाठी दार उघडलेले असताना ज्या घरात वयात आलेली मुलगी आहे त्या घरास मुलगा नाही या सबबीवर सूट मिळू नये.’

हा अर्ज मुली सैन्यात जाव्यात म्हणून लिहिलेला नव्हता. सक्तीचे नाव काढले की समान हक्काचे नाव बायका आपोआप सोडतील, असा माझा हिशेब होता.

सव्वीस जानेवारीला पंगत उठली आणि ग्रामसभा भरली. अध्यक्षस्थानी सुभेदार होते. वडिलांच्या पलटणीतले, त्यांच्याहून धाकटे. त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. पुरुषांत हशा पिकला. कोणी म्हणाले की मग सीमेवर भाकरी तरी गरम मिळेल. कोणी विचारले की लाटणे सरकारी मिळणार की घरचे न्यायचे. मी गंभीर चेहऱ्याने बसून होतो, आणि खरे सांगायचे तर मला सुख होत होते.

मागे बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, जिचा नवरा तीस वर्षे पलटणीत होता, बसल्या जागेवरूनच बोलली. नवरा तिकडे होता तेव्हा इकडे नांगर कोणी धरला, सासऱ्याला खांदा द्यायला माणसे कोणी गोळा केली, हे फळ्यावर कुठे लिहिले आहे, असे तिने विचारले. सुभेदारांनी तिला आदराने गप्प केले.

माझी बहीण त्या दिवशी आली होती. माझी मुलगी तिच्या शेजारी बसली होती. तेव्हा एकोणीस वर्षांची, सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बहीण उभी राहिली.

“ठराव चांगला हाय,” ती म्हणाली. “माझी ना न्हाई. पर हसतायसा ते का? घ्या की मंजूर करून. म्हंजे मग बगू, कुणाच्या घरची पोरगी पयली जाती आन कोण तिला आडवतं.”

हशा थांबला. मग सुभेदारांनी मिशीवर हात फिरवून गमतीने सांगितले की ठराव करायचा तर पुरा करू. मोकळ्या घरच्या पोरींनी मग पाण्याचा मानही उचलायचा. पुन्हा हशा. ठरावाची भाषा नीट असावी म्हणून वही माझ्याकडे आली. ‘तदनुषंगाने पाण्याचा मानही मुलींकडे समान राहील’ हे वाक्य मी स्वतः लिहिले. शब्द फार छान बसला, असे तेव्हा वाटले होते.

सांगलीच्या एसटीत मुलीने मला विचारले की मी ते मनापासून लिहिले आहे काय. मी तिला सांगितले की मनापासून नसलेले मी काही लिहीत नाही. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्या आठवड्यात ती कृष्णेच्या बांधावर पळू लागली.

तिने महिला लष्करी पोलिसांच्या भरतीचा अर्ज भरला होता. मला न विचारता, मोबाईलवर. पहिले सहा महिने मी त्याकडे हौस म्हणून पाहिले. लेखी परीक्षेत ती पास झाली तेव्हा हौस हा शब्द सोडावा लागला. दर महिन्याला आत्या दोन-चार दिवसांसाठी येई. पन्नाशीची बाई, गुडघे गेलेले. ती बांधावर मोबाईल घेऊन उभी राही आणि भाचीची वेळ लावी. एकदा मी दूध आणायला गेलो असता लांबून पाहिले. मुलगी पळत आली, आत्याने आकडा सांगितला, आणि दोघी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, दम टाकत हसत होत्या. एक तर पळालीही नव्हती. मी तेथे गेलो नाही. घरी येऊन दूध ठेवले आणि उगाच पत्नीवर चिडलो.

पत्नीने भांडण केले नाही. ती एवढेच बोलली, आणि त्या बोलण्यामुळेच ती आज साक्ष देत नाही. “आवं, तुमच्या कागदापायी पोरगी निघाली. आता तुमीच कायतरी लिवून थांबवा.”

त्याच सुमारास कऱ्हाडकडचे एक स्थळ आले होते. मुलगा बँकेत. पाहण्याचा कार्यक्रमसुद्धा झालेला नव्हता. फोनवर दोनदा बोलणे झाले होते, इतकेच.

मैदानी चाचणीचे बोलावणे आले. सोबत न्यायच्या कागदांत अविवाहित असल्याबद्दल बापाचे प्रतिज्ञापत्र होते. ते मी चार दिवस लिहायला घेतले नाही. पाचव्या दिवशी कवठे महांकाळहून बहीण आली. ती घरी न जाता थेट माझ्या झाडाखाली आली आणि पक्षकाराच्या स्टुलावर बसली. पिशवीतून तिने ते जुने हक्कसोडपत्र काढले. मी दिलेले, दोन वर्षे घडी घालून ठेवलेले.

“तू पोरीच्या कागदावर सही कर,” ती म्हणाली. “मी तुझ्या कागदावर करते. एकाच दिशी.”

मी म्हणालो की असा व्यवहार भावाबहिणीत शोभत नाही. ती माझी पाण्याची बाटली उचलून घोटभर प्याली आणि वाट पाहत बसली. मी कबूल झालो. ही माझ्या आयुष्यातील सर्वांत स्वच्छ लिहिलेली आणि सर्वांत घाणेरडी नोंद आहे.

आधी तिचे झाले. दुय्यम निबंधकाकडे अंगठा, फोटो, सही. अर्ध्या तासात सव्वा दोन एकर माझे झाले. मग आम्ही झाडाखाली परत आलो. मुलगी कॉलेजातून आली होती आणि माझ्यापुढच्या रांगेत उभी होती; पुढे दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांचे संजय गांधी योजनेचे अर्ज होईपर्यंत ती थांबली. मग स्टुलावर बसली आणि माझ्याकडे आलेला कोणीही पक्षकार सांगतो तसे स्वतःचे नाव, वय, पत्ता तिने सांगितले.

मी लिहिले. नाव, वय, पत्ता, शिक्षण. ‘सदर मुलगी आजमितीस अविवाहित आहे.’ येथे पूर्णविराम दिला. आजवर शेकडो पोरांची ही प्रतिज्ञापत्रे मी लिहिली, आणि ती या पूर्णविरामावर संपतात. त्या दिवशी हात थांबला नाही. मी पुढे लिहिले : ‘तिचे विवाहाची बोलणी सुरू असून विवाह लवकरच निश्चित होईल.’

मुलीने ते वाचले नाही. तिने आत्याला विचारले की झाले का, आणि आत्या म्हणाली की तुझ्या बापाचे अक्षर आहे, त्यात काय बघायचे. समोरच्या दुकानात टंकलिखित करून, शिक्का मारून, मी कागद तिच्या हातात दिला. तिने वाकून माझ्या पायाला हात लावला.

मैदानात ती पळाली आणि निवडली गेली. उडीत निवडली गेली. कागदांच्या टेबलाशी हवालदार मराठी होता. त्याने ती ओळ वाचली. नोकरीच्या मुदतीत लग्न करणार नाही असे ज्या भरतीत लिहून द्यावे लागते, तेथे बापच शिक्क्यानिशी लग्नाचे लिहून देतो, हे त्याने वरच्या साहेबांना दाखवले. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली की असे काही नाही. त्याने तिला समजावले की वडिलांचे प्रतिज्ञापत्र तो खोटे म्हणू शकत नाही. दुपारच्या आत नवे आणले तर बघू. तिने मला सात वेळा फोन केला. त्या दिवशी माझा फोन घरी राहिला होता. हे मात्र खरेच घडले. परंतु माझ्यावर विश्वास ठेवण्याचे कोणाला कारण उरलेले नाही.

घरी येऊन तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

“आण्णा, ही ओळ कुणी मागितली होती?”

मी सांगितले की अर्ज परिपूर्ण असावा, वस्तुस्थिती दडवू नये, हा माझ्या धंद्याचा नियम आहे. तिने विचारले की पोरांच्या कागदात मी असे लिहितो का. मला त्या क्षणी एक पोरगा आठवला. तासगावकडचा. त्याचा साखरपुडा आदल्या रविवारी झाला होता आणि बोटात अंगठी घालूनच तो माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हणालो होतो, “गड्या, अंगठी खिशात टाक, आन याचं नाव कुठं काढू नको.” त्याचे प्रतिज्ञापत्र मी साडेतीन ओळींत संपवले होते. तो आज नोकरीत आहे आणि दिवाळीला मला मिठाई पाठवतो.

सबब ती चूक नव्हती. हे मी येथे प्रथमच लिहीत आहे.

मी भरती कार्यालयाकडे फेरविचारासाठी अर्ज केला. तीन पानांचा. माझ्या हयातीतला सर्वोत्तम अर्ज तो असावा. लिहिताना मला स्वतःच्या भाषेचे कौतुकही वाटले, हीसुद्धा एक कबुली आहे. उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी तिचे वय त्या भरतीच्या मर्यादेबाहेर गेले. तिने कॉलेजची शेवटची परीक्षा दिली आणि आत्याकडे राहायला गेली. तिकडे ती रोज पळते, असे ऐकतो. जाताना तिने मला एवढेच बजावले की यापुढे तिच्यासाठी मी काही लिहायचे नाही. हा अर्ज ती मनाई मोडून लिहिलेला आहे.

आता यंदाची सव्वीस जानेवारी.

ठराव होऊन दोन वर्षे झाली. त्या ठरावानुसार गावातून किती मुली सैन्यात गेल्या? एकही नाही. कोणी पाठवली नाही आणि कोणी विचारलेही नाही. फळ्यावर एकाही मुलीचे नाव चढले नाही. पण ठरावातले दुसरे वाक्य, ते तदनुषंगाचे, गावाने तंतोतंत पाळले. मोकळ्या घरांच्या मुलींना पाण्याच्या मानाचा निरोप गेला. यंदा चार पोरी घागरी घेऊन उभ्या होत्या. एक तर शाळेच्या गणवेशात. समान कर्तव्याचा माझा मुद्दा अखेरीस एवढाच अमलात आला.

माझे मत विचाराल तर मी मुद्दा सोडलेला नाही. भार वाटायचा तर सर्वांत वाटला जावा, यात मला आजही खोट दिसत नाही. खोट दिसते ती एवढीच, की सक्तीचा कागद लिहिणारा माणूस तो नेहमी शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून लिहितो. आणि आपल्या दारातून कोणी राजीखुशीने निघाले, तर उंबऱ्यात आडवा पडतो. सक्ती बायकांना असावी की नसावी यावर वाद घालणाऱ्या पुरुषांना मी एक विचारू इच्छितो. जी स्वतः निघाली होती, तिला तुम्ही जाऊ दिले काय?

मी घागर खांद्यावर घेतली तेव्हा सुभेदार पंगतीत पहिल्या पानावर होते. त्यांनी पेला पुढे केला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने ते बोलले.

“ठरावाप्रमानं तुझं घर दोनदा मोकळं झालं रं. येकदा तू परत आलास, येकदा पोरीला परत आनलंस.”

पंगत हसली. त्यांना ती ओळ कशी कळली, हे मी शोधलेले नाही. मी पाणी ओतले आणि पुढच्या पानाकडे वळलो.

मग माझी मुलगी आली. तिला निरोप मी पाठवला नव्हता. गावाने परस्पर पाठवला होता, आणि ती कवठे महांकाळहून पहाटेच्या गाडीने, दोनदा एसटी बदलून आली होती. तिने पदराऐवजी ओढणी कमरेला बांधली, घागर उचलली आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. मी वरच्या हुद्द्याकडून खाली येत होतो, ती खालच्याकडून वर. नवे, सुट्टीवर आलेले पोरगे तिच्याच वयाचे; ते पेला पुढे करताना खाली पाहत होते. मधोमध आम्ही समोरासमोर आलो. ती थांबली नाही. माझ्या अंगावरून पुढे गेली आणि सुभेदारांपर्यंतची पंगत पुरी केली.

घागरीत थोडे उरले होते. ते तिने एका स्वच्छ पेल्यात ओतले आणि पंगतीबाहेर, मागे बायका उभ्या होत्या तेथे गेली. आत्यापुढे उभी राहिली आणि पेला दोन्ही हातांनी तिला दिला.

“आत्या, तू पंगतीत पायजे होतीस,” ती म्हणाली. “वर्षभर पुढं पळलीस. वेळ कुणी लावली न्हाई, म्हणून काय पळली न्हाईस?”

बहिणीने ते पाणी उभ्यानेच प्यायले. माझ्या खांद्यावर रिकामी घागर होती आणि ती कोठे ठेवावी हे मला सुचत नव्हते.

मागच्या महिन्यात मुलगी सांगलीला येऊन गेली. दुसऱ्या एका दलाची भरती निघाली आहे, तेथे वयाची मर्यादा जरा सैल आहे. त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र तिने करून घेतले. माझ्याकडून नव्हे. त्याच झाडाखाली, माझ्यापासून दहा पावलांवर, जो इसम बसतो त्याच्याकडून. त्याचे शुद्धलेखन मला माहीत आहे. त्याने चार ओळींत ते संपवले. ते पुरे होईपर्यंत मी एका पक्षकाराचा अर्ज लिहीत बसलो होतो. नंतर पाहिले तर त्यावर मी तारीखच घातलेली नव्हती.

हकिकत संपली. मागणी पुढीलप्रमाणे.

गावच्या ग्रामसभेने दोन वर्षांपूर्वीच्या ठरावातील पाण्याच्या मानाचे वाक्य रद्द करावे. ते माझे आहे. ते काढून टाकल्यास लेखक म्हणून माझी हरकत नाही.

माझ्या बहिणीस विनंती की सोबतच्या कागदावर तिने विचार करावा. सव्वा दोन एकरांतील अर्धा हिस्सा तिच्या नावे परत करण्याचा तो मसुदा आहे. त्यात प्रेमाचा उल्लेख नाही. अर्ध्या पानात संपवला आहे. गेल्या खेपेस मी हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली की आधी पोरीचा कागद निस्तर, मग माझा. आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

माझ्या मुलीस नम्र विनंती की ती ओळ लिहिताना मला काय वाटत होते हे तिने एकदा मला विचारावे. मी खरे सांगेन. येथे लिहिले आहे त्याहून वाईट असले तरी. तसे विचारायचे नसल्यास तसे कळवावे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल, एका शब्दाचे असले तरी चालेल. मात्र ते तिच्या स्वतःच्या अक्षरात असावे, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेले नसावे.

पत्ता तिला ठाऊक आहे. मी रविवार सोडून रोज सकाळी दहापासून झाडाखाली असतो.